कानामागची जागा

वस्तऱ्याने दाढी करायला लागून मला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत एकच गोष्ट मला नीट जमू लागली होती, रक्त थांबवणं. तुरटीचा खडा कुठल्या फळीवर, कुठल्या कोपऱ्यात आहे हे मी डोळे मिटूनही सांगितलं असतं. बाथरूममधून बाहेर आलो की बायको माझ्या चेहऱ्याआधी टॉवेलकडे बघायची आणि म्हणायची, "आज कमी आहे." माझ्या प्रगतीचं आमच्या घरात एवढंच मोजमाप होतं.

खूळ माझंच. पंचेचाळिशीनंतर माणसाला काहीतरी सुचतंच. ऑफिसातल्या एकाने सायकल घेतली, एकाने गच्चीवर कबुतरं पाळली, मी वस्तरा घेतला. जयपूरच्या परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत एका भंगारवाल्याच्या ढिगात तो पडला होता. शिंगाची मूठ, पात्यावर गंजाचे दोन ठिपके. हातात धरला आणि मला वाटलं, आपण काही साधा माणूस नाही. हा समज दुसऱ्या दिवशी सकाळी हनुवटीखाली कापलं तेव्हाच गेला, पण वस्तरा राहिला.

त्यात मी रेल्वेतला, रुळांची देखभाल करणारा. चढ, उतार, वळण, दोन रुळांमधलं अंतर, सगळं मापात बसवायची सवय. वस्तरा गालाशी तीस अंशांत धरावा असं कुठेतरी वाचलं, तेव्हा मी पुठ्ठा कापून तीस अंशांचा त्रिकोण केला आणि तो गालाला टेकवून दाढी करू लागलो. डाव्या हातात पुठ्ठा, उजव्या हातात वस्तरा. पुठ्ठा साबणाने दोन दिवसांत लिबलिबीत व्हायचा, मग मी नवा कापायचो. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. जन्मापासून जयपुरात वाढल्यामुळे तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं. तिने एकदा दारातून हे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, मतलब तुम्ही दाढी करताय की सर्व्हे?"

असा मी. आणि अशा माझ्याकडे, डिसेंबरातल्या एका सकाळी, आईने आपलं डोकं सोपवायचं ठरवलं.

आई एकाहत्तर वर्षांची. काही महिने नागपूरला धाकट्या भावाकडे, काही महिने इथे जगतपुऱ्यात आमच्या फ्लॅटमध्ये. वडील जाऊन बारा वर्षं झाली. तिचे केस अजून कमरेपर्यंत होते, पांढरे, पण दाट. रोज सकाळी बाल्कनीतल्या उन्हात बसून ती त्यांना तेल लावायची, विंचरायची आणि वेणी घालायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका तिला विचारायच्या, माताजी, कौनसा तेल? तेव्हा ती असं काही हसायची की जणू तेल हे राज्याचं गुपित आहे.

आमच्या बौद्ध घरांत दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर असतं. डोक्याचं मुंडण करायचं, भिक्खूंचं चीवर नेसायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही आणि दहा दिवस घरदार बाजूला ठेवून विहारात राहायचं. मग चीवर उतरवून पुन्हा आपल्या संसारात. मुलं जातात, पुरुष जातात, आता बायकाही जातात. आईला हे चाळीस वर्षांपासून करायचं होतं. आधी आम्ही लहान होतो, मग वडिलांच्या ड्युट्या, मग लग्नं, मग बाळंतपणं. दर वर्षी ती म्हणायची, पुढच्या वर्षी. यंदा सीतापुऱ्याच्या बाजूला, आमच्याच रेल्वेतल्या आणि कारखान्यांतल्या लोकांनी बांधलेल्या छोट्या विहारात बायकांचं शिबिर व्हायचं होतं. होळीच्या आधी. आईने सगळ्यात पहिलं नाव घातलं आणि चहाच्या टेबलावर मला सांगितलं, "केस माहे तू काढशील."

"मी? आई, माझा गाल नाही का पाहिला?"

"पाहून राहिली ना तीन वर्षांपासून. म्हणून तर आतापासूनच सांगून राहिली. अडीच महिने हायेत तुह्याकडे."

"स्टेशनजवळ चांगला न्हावी आहे. हात मुलायम आहे त्याचा."

"असू दे. मी घरच्याच हातानं काढीन. आणि एक थेंब रक्त नाही निघालं पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जात मी. चाळीस वर्षं नाही गेली, आता अजून काय." असं म्हणून तिने पोळी चहात बुडवली. माझ्या आईच्या धमक्या अशाच असतात, खाता खाता दिलेल्या. पण ती खरंच गेली नसती हे मला पक्कं ठाऊक होतं.

घरचा हात म्हणजे काय, ते मला लहानपणापासून माहीत होतं. आईच्या गावात न्हावी होता, पण तो आमच्या वस्तीत यायचा नाही आणि वस्तीतला माणूस त्याच्या ओट्यावर चढू शकायचा नाही. गावात म्हशी भादरल्या जायच्या, पण आमची माणसं नाहीत. तेव्हा आईच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कुठून तरी एक वस्तरा मिळवला. आधी स्वतःवर शिकले, मग भावांवर, आणि मग दर रविवारी बाभळीखाली अख्ख्या वस्तीची दाढी-कटिंग करू लागले. मोबदला काही नाही. पाण्याची वाटी धरायला आई, सात-आठ वर्षांची. ही गोष्ट सांगताना आईचा शेवट ठरलेला असायचा. "बाच्या हातून कोणाले कधी लागलं नाही. एकदाबी नाही." गेली तीन वर्षं मी गालाला तुरटी लावत बाहेर आलो की हे वाक्य मला ऐकावंच लागायचं.

मी दुसऱ्याच दिवशी स्टेशनबाहेरच्या कडुनिंबाखाली गेलो. तिथे साठीच्या पुढचा एक न्हावी खुर्ची मांडून बसतो. इकडे न्हाव्याला मानाने खवासजी म्हणतात. आताशा सगळे अर्ध्या ब्लेडचा उस्तरा वापरतात, तोही तोच वापरतो, पण खोक्याच्या तळाशी वडिलांचा खरा वस्तरा कापडात गुंडाळून ठेवलेला आहे हे मला माहीत होतं. मी त्याला आईची अट आणि माझी दाढीची रीत सांगितली, पुठ्ठ्यासकट. त्याने पुठ्ठा मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्याच पुठ्ठ्याने खुर्चीवरचे केस झटकले.

"साहब," तो म्हणाला, "आप दाएँ हाथ से हजामत करते हो. हजामत बाएँ हाथ से होती है."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण पुढचे आठ दिवस त्याने मला वस्तऱ्याला हातच लावू दिला नाही. रोज ड्युटीवर जाण्याआधी अर्धा तास मी तिथे उभा राहायचो, उजवा हात पँटच्या खिशात. खवासजी गिऱ्हाइकाच्या गालावर उस्तरा चालवायचा आणि त्याच गालाची कातडी ताणायचं काम माझ्या डाव्या हाताचं. एका गालावर दोन पुरुष. गिऱ्हाइकं गोंधळून जायची. एकाने विचारलं, ये कौन हैं? खवासजी म्हणाला, बड़े इंजीनियर हैं, सीख रहे हैं. तो बिचारा डोळे घट्ट मिटून बसला.

पण आठ दिवसांत मला कळलं की इतकी वर्षं मी काय करत होतो. कातडी सैल सोडून मी तिच्यावर पातं दाबत होतो. सैल कातडी पात्यापुढे गोळा होते आणि मग कापते. ती आधी ताणली, म्हणजे वस्तऱ्याला दाबावं लागत नाही, तो स्वतःच्या वजनाने जातो. कुठे बोटं ठेवायची, कुठल्या दिशेला ओढायचं, केस कुठे उगवतात आणि कुठे झुकतात, हे सगळं डावा हात आधी बघून घेतो. उजवा नुसता मागून येतो. तीस अंश वगैरे आपोआप होतं.

नवव्या दिवशी त्याने मला माझा वस्तरा उघडू दिला. चामड्याच्या पट्ट्यावर तो परजायला सांगितला आणि दोन फेऱ्या पाहून थांबवलं. मी इथेही दाबत होतो. पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरूनच वळवायचं, आणि मनगट मोकळं. "ढीलो राखो, ढीलो," तो म्हणत राहिला. मी घरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधला आणि रोज साठ-साठ फेऱ्या मारू लागलो. बायकोने सांगितलं की आता घरात सकाळी मिक्सर, प्रेशर कुकर आणि नवरा असे तीन आवाज असतात.

आवाजाची गोष्ट मात्र मला माझी मला सापडली. रुळावरचा सैल बोल्ट हातोडीच्या ठोक्यावरून ओळखण्यात माझी सगळी वर्षं गेली. एके दिवशी दाढी करताना पंखा बंद होता, घरात शांतता होती, आणि मला वस्तऱ्याचा आवाज ऐकू आला. पातं बरोबर बसलं की बारीक सरसर येते. जास्त झोपलं की आवाजच येत नाही, जास्त उभं राहिलं की खर्र होतं आणि त्याच्या पुढच्याच क्षणी कापतं. म्हणजे कापण्याआधी वस्तरा सांगतो! तीन वर्षं तो सांगत होता आणि मी बाथरूममध्ये मोबाइलवर गाणी लावत होतो. त्या सकाळी मी कोरडा टॉवेल घेऊन बाहेर आलो आणि तो बायकोच्या हातात दिला. तिने दोन्ही बाजू पाहिल्या. "वा," ती म्हणाली. लग्नानंतर इतका खरा वा मला क्वचितच मिळाला होता.

गाल जमला. पण डोकं वेगळं असतं. डोक्यावर भोवरा असतो, तिथे केस गोल फिरतात, त्यांच्याबरोबर हातालाही फिरावं लागतं. मागे मानेजवळ खळगा असतो. कान मध्ये येतात. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी दोन आरसे लावून स्वतःच्या डोक्याचं मुंडण केलं. तास-दीड तास लागला. तीन ठिकाणी लागलं, तीनही मागच्या बाजूला, जिथे डावा हात पोचत नव्हता. मुलीने मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदम अंडा दिसताय, पर स्वीट."

रविवारी सकाळी मी तसाच दूध आणायला खाली गेलो. दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि पैसे घेताना मान खाली घातली. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी डोक्यावरून पदर घेतला. मला वाटलं, थंडी आहे.

दहा वाजता बेल वाजली. आई त्याच वेळी मेथी निवडत बसली होती. एका लग्नासाठी ती पंधरा दिवस नागपूरला गेली होती आणि आदल्या रात्रीच्या गाडीने परत आली होती, तेव्हा बिल्डिंगमध्ये ती आल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मेथीची जुडी हातात घेऊनच तिने दार उघडलं. दारात सात-आठ माणसं उभी, पांढऱ्या कपड्यांत. बायकांचे चेहरे घुंगटात. सगळ्यांच्या चपला जिन्यातच काढलेल्या. पुढे समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राध्यापक, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी.

इकडे आई-वडील गेले की मुलगा मुंडण करतो. माझं डोकं पाहून त्यांनी हिशोब लावला होता. वडील तर केव्हाच गेलेले. उरलं कोण?

प्राध्यापक आईकडे बघत राहिले. जोडलेले हात तसेच. मग हळूच म्हणाले, "माताजी... आप?"

आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पांढऱ्या साड्यांकडे पाहिलं आणि मग मागे वळून माझ्या डोक्याकडे. तिला समजायला फार तर तीन सेकंद लागले असतील. "मैं तो अभी हूँ, बाप्पा," ती म्हणाली. "आ गये तो चाय पीके जाओ." आणि तिथेच चौकटीला धरून इतकी हसली की मेथी सगळी उंबऱ्यावर सांडली. मागच्या बायकांपैकी एकीचं हसू घुंगटातून फुटलं, मग सगळ्यांचंच. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी दोन तास बैठक झाली. आई मधे बसून प्रत्येकाला विचारत होती, मेरे बारे में क्या बोलने वाले थे, बोलो ना. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तिचे केस, तिचा स्वभाव, तिचं लोणचं, सगळ्याचं कौतुक तोंडावर केलं. आईने ते मान डोलावत, मधे मधे भर घालत ऐकून घेतलं.

प्राध्यापकांच्या मनाला मात्र फार लागलं होतं. संध्याकाळी ते पुन्हा आले आणि त्यांना खरं कारण कळल्यावर म्हणाले, माझं डोकं घ्या. त्र्याहत्तर वर्षांचं आहे, अभ्यासाला उपयोगी पडेल. त्यांच्या डोक्यावर कानांच्या वर आणि मागे एवढीच झालर उरली होती, पण नेमकी तीच जागा अवघड. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, सुरकुतते, ताणली की भलतीकडे सरकते. मी त्यांना बाल्कनीत बसवलं, कोमट पाण्याचा टॉवेल गुंडाळला आणि चाळीस मिनिटांत झालर उतरवली. एक थेंब नाही! ते आरशात बघून खूश झाले. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाला जोधपूरहून कुणाकुणाचे फोन आले की तुमच्याकडे कोण गेलं, पण त्याला माझा इलाज नव्हता.

तरीही शिबिराच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. प्राध्यापकांना लागलं असतं तर त्यांनी माफ केलं असतं. आईनेही मला माफच केलं असतं, पण तशीच उठून घरी आली असती, चाळीस वर्षांचं मनातलं परत मनात ठेवून. मला ती भीती होती.

विहाराच्या मागे मोकळं अंगण आहे. सकाळचं ऊन चांगलं तापलं होतं. शिबिराला अकरा बायका होत्या. बाकीच्या दहाजणींचे केस खवासजी काढणार होता. मीच त्याला बोलावलं होतं. आईला मी खुर्चीवर बसवलं, खाली जुनी चादर अंथरली. मुलीने कात्रीने वेणी कापली. कापताना तिचेच डोळे भरून आले, आईचे नाही. आईने वेणी हातात घेतली, वजन करून पाहिल्यासारखी धरली आणि म्हणाली, "पाह्य बरं, किती भारी होतं हे. मी उगाच वागवत होती." मग राहिलेले केस कात्रीने बारीक केले, साबणाचा फेस लावला. बिल्डिंगमधली चार-पाच मंडळी आली होती, प्राध्यापकही, गुळगुळीत डोक्यावर टोपी घालून.

पाण्याची वाटी स्टुलावर ठेवायला मी जागा शोधत होतो, तेवढ्यात खवासजीने ती उचलली आणि आईच्या उजव्या बाजूला उभा राहिला. म्हणाला, "मैं पकड़ता हूँ, माताजी." आईने वर पाहिलं. तिच्या गावातल्या न्हाव्याचं, बाभळीखालच्या वाटीचं त्याला अर्थातच काही माहीत नव्हतं. तो हाताखालच्या माणसाला मदत करावी तशी वाटी धरून उभा होता. आईने मान हलवली आणि डोळे मिटले. मला तेव्हा फार बरं वाटलं, इतकं की हात सैल पडला, आणि वस्तऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

कपाळापासून सुरू केलं. डावा हात पुढे, उजवा मागून. सरसर आवाज येत होता. अंगणात कुणी बोलत नव्हतं आणि त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. टाळू झाली. भोवऱ्याशी मी खुर्चीभोवती स्वतःच फिरलो. उजवी बाजू झाली. मानेच्या खळग्यात मी दोनदा थांबलो, दोनदा पातं धुतलं. "घाबरू नको," आई डोळे न उघडता म्हणाली. "हात चांगला चालून राहिला." शेवटी फक्त डाव्या कानामागची जागा राहिली. मी कान पुढे दुमडला, अंगठ्याने कातडी ताणली, फेस बाजूला सरला आणि मला तिथे एक पांढरी रेघ दिसली. नखाएवढी. जुनी, बुजलेली, पण सरळ. सुरीची नाही, पडल्याची नाही. तीन वर्षं आरशात स्वतःच्या हनुवटीवर अशाच रेघा पाहत आल्यामुळे मला ती लगेच ओळखू आली.

मी वस्तरा उचलला. "आई, इथे काय झालं होतं?"

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, वाकून पाहिलं तर हसत होती.

"सापडलं का? मले वाटलं बुजलं असंल."

"वस्तऱ्याची आहे ना ही?"

"आठ वर्षांची होती मी. मोठा ताप आला होता, बानं केस काढले माहे. सगळं झालं, तेवढीच जागा राहिली होती. मले गुदगुली झाली न् मी हसली. लागलं."

"मग ते एकदाबी नाही..."

"बाले माहीतच नाही! तो वस्तरा धुवाले वळला, मी तिथं हात दाबला न् पळाली. नाल्यावर जाऊन पाणी लावलं, चिखल लावला. पुढं केस आले, झाकून गेलं. बासमोर दहा माणसं बसली होती रांगेत. त्याईनं रक्त पाहिलं असतं तर बाचा हात घाबरला असता ना रे. आपल्या लोकाईनं मंग कोणाकडे जायचं होतं?"

त्रेसष्ट वर्षं. वडिलांना सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आम्हाला नाही. उलट आयुष्यभर जो भेटेल त्याला सांगत आली की बाच्या हातून कुणाला कधी लागलं नाही. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि वस्तरा हातात असल्यामुळे पुसताही येईना. मुलीने पुढे होऊन त्या जागेचा फोटो काढला आणि आजीला दाखवला. आईने तो मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरला. ती रेघ तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. अंगठ्याने पडद्यावर ती हलकेच पुसल्यासारखी केली आणि मोबाइल परत दिला.

"तेवढं राहिलं होतं बाचं," ती म्हणाली. "आता पुरं कर."

मी डोळे बाहीला पुसले. कान दुमडला, कातडी ताणली. खवासजीने वाटी थोडी जवळ आणली. मग मी त्या रेघेच्या कडेने, केसांच्या कलाने, तीन वेळा वस्तरा फिरवला. सर, सर, सर. पातं बंद केलं.

आईने डावा हात उचलला आणि कानामागे तळहात घट्ट दाबून धरला. मग तो काढून पाहिला. कोरडा होता. तिने तो आधी मला दाखवला, मग माझ्या मुलीला, मग वाटी धरलेल्या खवासजीला, आणि खुर्चीवर नीट टेकून बसत म्हणाली, "आता नाही पळत मी."